नोकरीत असल्यास

सरकारी नोकरीत परिचारिका म्हणून मी सहा वर्षं होते. त्यानंतर कुठल्याही हजेरीपत्रकावर माझं नाव लागलं नाही. तरी आज, सत्तरी ओलांडल्यावरही, माझी नोंदणी चालू आहे. मुदत संपत आली की मी अर्ज भरते, फोटो चिकटवते आणि रजिस्टर पोस्टानं पाठवून देते. सून म्हणते, "आई, या वयात तुम्हाला कोण विचारणार आहे?" तिचं चुकत नाही. पण एकदा मला विचारलं गेलं होतं, भर कोर्टात, आणि तेव्हा माझ्याकडे दाखवायला चालू मुदतीचा कागद नव्हता. ती हकिकत आजवर मी घरातसुद्धा पुरती सांगितलेली नाही. राग अजून गेलेला नाही. लिहिताना तो झाकायचा प्रयत्न मी करणार नाही.

आमच्या कामाबाहेरच्या माणसांना नोंदणी म्हणजे काय ते ठाऊक नसतं, म्हणून आधी ते सांगते. परीक्षा पास झाली, पांढरी साडी नेसली, म्हणजे मुलगी नर्स झाली असं लोक धरून चालतात. तसं नसतं. मुंबईला नोंदणीचं कार्यालय आहे. तिथल्या रजिस्टरात नाव चढतं, क्रमांक मिळतो, आणि मग कायद्यानं ती नर्स होते. या नोंदणीला मुदत असते. मुदतीत नूतनीकरण झालं नाही तर नाव उतरतं. हात तेच असतात, शिकलेलं तेच असतं, पण तिनं "मी नर्स आहे" म्हटलं तर समोरचा "दाखवा" म्हणू शकतो.

मी औरंगाबादला शिकले आणि परभणीजवळ झरीच्या बाजूच्या एका आरोग्य केंद्रात लागले. लग्न झालं ते सोनपेठजवळच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण या हकिकतीतली काही माणसं अजून तिथंच राहतात. सासर लिंगायत, बाजारपेठेत किराणा दुकान. दुकान थोरले दीर पाहायचे, त्यांना सगळे अप्पा म्हणत. माझे यजमान गावच्याच शाळेत मास्तर होते. लग्नानंतर मी बदली मागितली होती, ती येईल येईल म्हणत असतानाच सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अप्पांनी मला समोर बसवून सांगितलं, "बाई, घरातच नर्स असताना म्हातारीला परक्याच्या हाती द्यायचं का?" मलाही ते पटलं. मी राजीनामा दिला. कुणी जबरदस्ती केली नाही, हेही सांगायला हवं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा म्हणजे काय, हे ज्यानं केलं नाही त्याला दिसत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची. टाच, माकडहाड, खुबा, खांद्याचं हाड, जिथं जिथं हाड गादीला टेकतं तिथली कातडी रोज बोट फिरवून बघायची. लाल झाली आणि दाबल्यावर पांढरी पडत नसेल तर समजायचं की जखम आत सुरू झाली. भरवताना डोकं उचलून, हनुवटी छातीकडे झुकवून भरवायचं, नाहीतर घास श्वासनळीत जातो. लुळ्या हाताची बोटं दिवसातून चार वेळा उघडायची-मिटायची, नाहीतर मूठ कायमची वळते. सासूबाई सात वर्षं अंथरुणात होत्या. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या पाठीवर एकही जखम नव्हती. दवाखान्यात चार-चार नर्सा पाळीनं असतात तरी हे साधत नाही. मी एकटीनं ते केलं, आणि गावाच्या भाषेत मी त्या सात वर्षांत "घरी बसलेली" होते.

नूतनीकरणाची वेळ आली ती अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात. नोकरीतल्या सगळ्या जणी आपले अर्ज परभणीला जिल्ह्याच्या कचेरीत देत आणि तिथून ते एकगठ्ठा मुंबईला जात. मीही पूर्वी तसाच दिला होता. म्हणून सासूबाईंपाशी जाऊबाईंना बसवून, काय काय करायचं ते तीनदा सांगून मी एसटीनं परभणीला गेले.

तिथं त्या टेबलावर जे कारकून होते त्यांनी अर्ज उलटासुलटा केला. अर्ज इंग्रजीत छापलेला होता. एका रकान्यात नोकरीचं ठिकाण आणि अधिकाऱ्याची सही, एवढं मला ठाऊक होतं. तो रकाना मी कोरा ठेवला होता.

"सध्या कुठं हाव तुमी?" त्यांनी विचारलं.

"नोकरी सोडली. घरी आहे."

"मंग ह्याच्यावर दस्तखत कुणाचा घ्यायचा?"

"तेच विचारायला आले."

"नोकरी न्हाई तर नूतनीकरण न्हाई. कुठल्या तरी दवाखान्याचं पत्र आणा."

मी माघारी आले. महिन्याभरानं गंगाखेडच्या एका खाजगी डॉक्टरांकडे गेले. ते भले गृहस्थ होते, पण म्हणाले, "सिस्टर, तुम्ही माझ्याकडे काम करत नाही, मी खोटं पत्र कसं देऊ?" त्यांचं बरोबर होतं, आणि मला खोटं पत्र नकोही होतं. दुसऱ्या खेपेला मी त्या रकान्यात खरं तेच लिहून नेलं. "घरी. सासूबाईंची शुश्रूषा, अर्धांगवायू, तीन वर्षं." कारकुनांनी ते वाचलं, शेजारच्या टेबलाला वाचून दाखवलं आणि लाल शाईनं त्यावर आडवी रेघ ओढली.

"बाई, ही शुश्रूषा न्हवं. हे घरकाम हाय. असं लिहायलं तर गावातल्या समद्या सुना नर्सा होतील."

शेजारचं टेबल हसलं. मी म्हटलं, "सगळ्या सुनांना जमत असतं तर दवाखान्यात पाठीच्या जखमा घेऊन माणसं आली नसती."

"ते समदं ठीक हाय. पण परवान्याचं करायचं काय तुमाला? घरी बसून लोणचं घालणार का त्याचं?"

मी अर्ज उचलला आणि बाहेर आले. तिसऱ्यांदा मी गेलेच नाही. तो अर्ज ट्रंकेत साड्यांच्या तळाशी टाकला आणि मनाशी म्हटलं, जाऊ दे, खरंच काय अडलंय? जून संपला, मुदत संपली, माझं नाव रजिस्टरातून उतरलं. त्या कारकुनांवर मी जेवढी रागावते तेवढीच त्या "जाऊ दे"वरही रागावते.

आणि जुलैच्या अखेरीला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर काय गुदरलं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. आमच्या गावात दोन दिवस नुसती कुजबुज होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बौद्धवाड्याकडून धूर दिसला. यजमानांनी जायचा प्रयत्न केला, तर वेशीतच काही जणांनी त्यांना अडवलं. "मास्तर, शाळा बघा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन वर आल्यावर, गयाबाई आमच्या दारात आली. तिला मी ओळखत होते. तिच्या धाकट्या मुलाच्या बाळंतपणात मीच आडवं आलेलं मूल तपासून तिला वेळेत दवाखान्यात पाठवलं होतं. पस्तिशी गाठलेली बाई, शेतमजुरी करायची, बोलायला खणखणीत. त्या दिवशी ती दोन्ही हात पुढं धरून उभी होती, जणू हात तिचे नाहीतच. बरोबर तिची सासू होती; पोरं नवऱ्यापाशी ठेवून आल्या होत्या. दवाखान्यात जायला त्या सडकेवर गेल्या होत्या, पण एसटी बंद होत्या आणि बैलगाडी द्यायला कुणी तयार नव्हतं.

"सिस्टरबाई," गयाबाई म्हणाली, "बघा वं जरा. लय आग व्हायलीय."

मी उठले तर अप्पा आडवे आले. ते दुष्ट नव्हते, घाबरलेले होते. "सुनंदा, ओसरीवर नको. गावाशी वाकडं घ्यायचं न्हाई आपल्याला. दुकान हाय. तिला म्हणावं, पाणी घे अन् जा."

खरं सांगते, क्षणभर माझे पाय हलले नाहीत. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला. तीन वर्षांत त्यांच्या तोंडून दोन-चार शब्दच सुटे झाले होते. त्यांची बाज दाराजवळ होती, त्यांना ओसरी दिसत होती. डावा हात बाजेवर आपटत त्या म्हणाल्या, "घे... आत." अप्पांना वाटलं त्या पाणी मागतायत. मग पुन्हा, जीभ ओढत, "तिला. आत."

अप्पा दुकानात निघून गेले. मी गयाबाईला ओसरीवर नव्हे, माजघरात घेतलं.

भाजलेल्या माणसाकडे बघताना आम्हाला शिकवलेलं असतं की जखमेआधी जखमेभोवतीचं बघायचं. दोन्ही तळहात आणि कोपरापर्यंत हातांच्या आतल्या बाजू भाजल्या होत्या, फोड फुटले होते. मनगटाच्या वर छपरावरच्या पाचटाची राख कातडीत रुतली होती. चोळीच्या बाहीला रॉकेलचा वास होता. केस एका बाजूनं करपले होते. पेटलेलं छप्पर तिनं दोन्ही हातांनी वर उचलून धरलं होतं, आणि त्याखालून तिची सासू पोरांना घेऊन सरपटत बाहेर आली होती. कुणी पेटवलं हेही तिनं सांगितलं. चौघांची नावं घेतली. ती नावं मी ओळखत होते, त्यातल्या दोघांच्या घरी मी हळदीकुंकवाला गेले होते.

पट्टी, मलम काही नव्हतं. सासूबाईंचं जुनं मऊ लुगडं होतं, ते उकळून, वाळवून, पट्ट्या केल्या. उकळून गार केलेल्या पाण्यानं हात धुतले. राख काढताना ती ओरडली नाही, तिनं दातांत पदर धरला होता. भाजलेल्या हाताची एक गोष्ट सांगते, कारण ती पुढं लागणार आहे. प्रत्येक बोट वेगळं बांधावं लागतं. सगळी एकत्र बांधली तर बरी होता होता कातडी एकमेकीला चिकटते आणि हाताचं फावडं होतं. दहा बोटं मी वेगवेगळी बांधली. तीन दिवस ती आणि तिची सासू आमच्या माजघरात होत्या, आणि मी रोज पट्ट्या बदलत होते. एका वहीच्या पानावर तारीख, वेळ आणि काय दिसलं ते लिहून ठेवलं. ती दवाखान्यातली सवय होती.

चौथ्या दिवशी गाड्या सुरू झाल्या आणि गयाबाई परभणीला सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं, जखमा चार दिवसांच्या, उपचार केलेल्या, कारण सांगता येत नाही. त्यांचंही चुकीचं नव्हतं, मी सगळं धुऊन काढलेलं होतं. राख आणि रॉकेल फक्त मी पाहिलं होतं. दोन महिन्यांनी बोटं बरी झाली, पण उजव्या हाताची दोन एकमेकांना चिकटून वाकडीच राहिली. दवाखान्यात पहिल्या आठवड्यात कुणीतरी ती दोन एकत्र बांधली होती.

खटला उभा राहायला दीड वर्ष गेलं. तोवर गावात बहुतेकांची स्मरणशक्ती गेली होती. ज्यांनी पाहिलं होतं ते "आमी शेतात होतो" म्हणाले. मी साक्ष द्यायचं ठरवलं. यजमान पाठीशी होते. अप्पा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मी ते वहीचं पान आणि जुनं प्रमाणपत्र घेऊन परभणीच्या कोर्टात गेले. मला आत्मविश्वास होता. मी पाहिलं होतं आणि मला कळत होतं.

सरकारी वकिलांनी विचारलं ते मी वहीच्या पानावरून नीट सांगितलं. आरोपी म्हणत होते तसा चुलीवर हात भाजला तर बोटांची टोकं आणि हाताची वरची बाजू आधी भाजते, इथं तळहात आणि कोपरापर्यंत आतली बाजू भाजली होती, म्हणजे हात वर उचललेले होते, हेही सांगितलं. न्यायाधीश लिहून घेत होते. मग आरोपींचे वकील उठले. वयस्कर, शांत माणूस.

"बाई, तुम्ही काय करता?"

"मी परिचारिका आहे."

"कुठल्या दवाखान्यात?"

"सध्या नोकरीत नाही."

"म्हणजे गृहिणी. लिहा, गृहिणी," ते लिपिकाकडे वळून म्हणाले. मग माझ्याकडे. "नोंदणी असेल ना?"

मी प्रमाणपत्र पुढं केलं. त्यांनी चष्मा लावला, तारीख वाचली आणि ते न्यायाधीशांपुढं ठेवलं. "मुदत जूनमध्ये संपली आहे, साहेब. घटनेच्या आधी. साक्षीदार घटनेच्या दिवशी नोंदणीकृत परिचारिका नव्हत्या." मग मला विचारलं, "नूतनीकरण का केलं नाही?"

मी सांगायला लागले की मी दोनदा गेले होते, रेघ मारली, लोणचं म्हणाले. ते म्हणाले, "फक्त हो किंवा नाही. केलं का?"

"नाही."

"मग या जखमा कशानं झाल्या हे सांगण्याचा तुम्हाला अधिकार काय?"

मी शिकले होते, सहा वर्षं सरकारी नोकरी केली होती, तीन दिवस तिचे हात माझ्या हातात होते, आणि मला एक वाक्य सुचलं नाही. गयाबाई समोरच्या बाकावर बसली होती. ती उठली. शिपाई तिला खाली बसवायला लागला तरी तिनं विचारलंच, "साहेब, बाईचं नाव कागदावर न्हाई म्हनून माझे हात भाजले न्हाईत का?"

न्यायाधीशांनी तिला बसायला सांगितलं.

चौघे सुटले. निकालात माझ्या साक्षीबद्दल दोन ओळी होत्या: साक्षीदार गृहिणी असून जखमांच्या कारणाबाबत त्यांचं मत ग्राह्य धरता येत नाही. खटला केवळ माझ्यामुळे पडला असं मी म्हणणार नाही. फितूर झालेले साक्षीदार सात होते. पण जी एक गोष्ट घट्ट उभी राहू शकली असती ती माझ्या बाजूनं मोडली. निकालानंतर महिन्याभरात गयाबाईचं कुटुंब गाव सोडून परभणीला गेलं. जाताना ती मला भेटायला आली नाही. मी तिच्या जागी असते तर मीही आले नसते.

त्यानंतर एका दुपारी मी ट्रंकेतून तो अर्ज काढला. लाल रेघ तशीच होती. आमचं इंग्रजी कामापुरतं, औषधांची नावं आणि केसपेपर एवढंच. यजमान शब्दकोश घेऊन शेजारी बसले आणि आम्ही अर्ज ओळीनं वाचला. तो रकाना आला. वर जाड अक्षरात नोकरीचं ठिकाण, अधिकाऱ्याची सही. खाली, मुंगीएवढ्या अक्षरात दोन शब्द होते. यजमानांनी ते वाचले, पुन्हा वाचले आणि मराठीत सांगितले.

"नोकरीत असल्यास."

मला आधी कळलंच नाही. ते म्हणाले, "सुनंदा, नोकरीत असशील तर सही. नसशील तर नको. असा नियमच नव्हता."

नियमच नव्हता. एका माणसानं ते दोन शब्द वाचायचे कष्ट घेतले नाहीत, आणि मीही घेतले नाहीत. त्यांना माहीत नव्हतं तर ते विचारू शकले असते. माहीत असून केलं असेल तर काय म्हणावं ते मला अजून सापडलेलं नाही. मी दुसरं सगळं वाचायचे, औषधाच्या बाटलीवरचं शेवटचं अक्षर वाचल्याशिवाय कधी सुई टोचली नाही. स्वतःच्या नावाचा कागद मात्र मी टेबलापलीकडच्या माणसाला वाचायला दिला.

त्याच आठवड्यात मी थेट मुंबईला लिहिलं. चार पानं लिहिली, सासूबाई, कारकून, गयाबाई, कोर्ट, सगळं. त्यांचं पत्र आलं: विलंबाचे कारण एका ओळीत कळवावे. मी कळवलं, "चुकीच्या माहितीमुळे." दोन महिन्यांत प्रमाणपत्र आलं. क्रमांक जुनाच होता. कुणी विचारलं नाही की तुम्ही कुठं काम करता.

ते घेऊन मी परभणीच्या त्या कचेरीत गेले. माझं तिथं काही काम नव्हतं. ते कारकून आता मोठ्या टेबलावर बसत होते. मी प्रमाणपत्र आणि जुना अर्ज त्यांच्यापुढं ठेवला, त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हे वाचा."

त्यांनी वाचलं. मी कोण ते त्यांना आठवत नव्हतं. म्हणाले, "मिळालं न्हवं तुमाला? मंग झालं की. बसा, चहा सांगू का?"

मी त्यांना सगळं सांगायचं ठरवून गेले होते. एसटीत बसून वाक्यं जुळवली होती. पण ज्याला आपली चूक आठवतच नाही त्याच्यापुढं बोलणं म्हणजे आपणच वेडे दिसणं. मी म्हटलं, "चहा नको. इथं नोकरी सोडलेली कुणी नर्स आली तर तिला हे दोन शब्द दाखवा." ते हो म्हणाले. त्यांनी दाखवले की नाही देव जाणे. मी मात्र तेव्हापासून जी भेटेल तिला दाखवत आले. जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत लग्नानं, बाळंतपणानं, आजारपणानं नोकरी सुटलेल्या किती तरी जणी होत्या, आणि बहुतेकींना हेच सांगितलं गेलं होतं. याचा अर्थ टेबल एकच नव्हतं.

गयाबाईला मी शोधलं ते त्यानंतर, सासूबाई गेल्यावर. परभणीत स्टेशनच्या पलीकडं एका वस्तीत ती राहत होती. मी प्रमाणपत्र सोबत नेलं होतं, कशाला ते मलाही धड सांगता आलं नसतं. तिच्यापुढं धरलं.

"आता हाय का तुमचं नाव तिथं?"

"हो."

"मंग आता काय करायलाव त्याचं? खटला तर संपला."

"माहीत आहे. माझ्याकडून चूक झाली, गयाबाई. मी तेव्हा नेट लावायला हवा होता."

माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी ती अपेक्षा केली नव्हती. मग म्हणाली, "आलाव तर जरा आत या. सून सातव्या महिन्यात हाय. पाय लय सुजलेत. शेजारनी म्हनतेत, पहिलटकरीन हाय, सुजतेतच."

मी हात धुतले आणि आत गेले. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी भिंतीला टेकून बसली होती. चेहरा फुगलेला, डोळ्यांखालीही सूज. नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. मी विचारलं, "डोकं दुखतं का?" म्हणाली, "चार दिस झाले. कपाळात." "डोळ्यांपुढं काही दिसतं?" ती लाजून हसली. "काजवे चमकल्यावानी. मला वाटलं उन्हानं." मी तिला जास्त काही बोलू दिलं नाही. रक्तदाबाचं यंत्र माझ्याकडं नव्हतं, पण ते नसलं तरी एवढं कळतं. अशा मुलीला कोणत्याही घटकेला झटके येतात, आणि आले की आई आणि मूल दोन्ही हातची जातात.

"गयाबाई, रिक्षा बघा. आत्ता, या घडीला."

रिक्षा येईपर्यंत मी चिठ्ठी लिहिली. किती महिने, सूज कुठं, डोकेदुखी किती दिवस, नजरेचं काय, लघवी आणि रक्तदाब तातडीनं तपासावा. खाली सही केली, आणि सहीच्या खाली नोंदणी क्रमांक घातला.

दवाखान्याच्या दारात गर्दी होती. शिपाई म्हणाला, रांगेत बसा. मी चिठ्ठी घेऊन थेट तपासणीच्या खोलीत गेले. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी वैतागून माझ्याकडे, मग चिठ्ठीकडे पाहिलं. वरपासून वाचली. सहीपाशी, क्रमांकापाशी त्यांची नजर थांबली. त्या खुर्चीतून उठल्या.

"सिस्टर, पेशंट कुठंय?"

"बाहेर, रिक्षात."

"चला." वॉर्डबॉयला त्यांनी स्ट्रेचर आणायला सांगितलं, आणि माझ्यापुढं झपाझप चालत बाहेर निघाल्या. मी कुठं नोकरी करते हे त्यांनी विचारलं नाही.